गाडीतील दुसरा माणूस

एखाद्या स्नेह्याला बरोबर घ्यावे, गाडी सावकाश हाकावी, आणि मनाला येईल तेथे थांबून खेड्यापाड्यांची, डोंगरकड्यांची, देवळारावळांची छायाचित्रे घ्यावी, ही हौस आज पुष्कळांना असते. सुट्टीच्या दिवशी घाटात उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या म्हणजे याची खात्री पटते. या हौसेला इतिहास आहे, आणि तो जवळजवळ कॅमेऱ्याइतकाच जुना आहे, असे सांगितले तर मात्र काहींना नवल वाटेल. आजच्या विषयासाठी आम्ही हीच रपेट निवडली आहे. तथापि कॅमेऱ्यामागे उभा राहणारा माणूस सर्वांच्या परिचयाचा असतो. चित्राखाली त्याचे नाव असते आणि कलेच्या इतिहासात त्याच्यावर प्रकरणे लिहिली जातात. आम्हाला बोलावयाचे आहे ते त्याच गाडीत बसलेल्या दुसऱ्या माणसाविषयी. घोडे ज्याने आवरले, चाक ज्याने फिरविले, टिपणे ज्याने ठेवली, त्याचे त्या चित्रात काही आहे की नाही, असा आमचा प्रश्न आहे.

प्रारंभी गाडीच का लागे, हे समजून घेतले पाहिजे. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली. पुढे १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, आणि ती ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. इतक्यावर भागत नसे. ती सुकण्याच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवावीही लागे. सारा खेळ काही मिनिटांचा. उन्हाळ्यात तर त्याहून थोडक्या वेळाचा. तेव्हा ज्याला गावाबाहेर जाऊन चित्र घ्यावयाचे, त्याला आपली अंधारी खोलीही बरोबर न्यावी लागे. देव यात्रेला निघाला म्हणजे गाभाराही पालखीत घालावा, तसा हा प्रकार होता. काचा, बाटल्या, पाण्याची पिंपे, तिपाई आणि कॅमेरा यांचा भार वाहण्यास गाडी हवी, आणि गाडी हाकण्यास माणूस हवा. एकाच माणसाने एका हाताने लगाम धरून दुसऱ्याने ओली काच सांभाळावी, हे शक्यच नव्हते. अशा रीतीने गाडीतील दुसरा माणूस या कलेत आला तो मुळात रसायनाच्या गरजेने.

या जोडीचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण रॉजर फेंटन आणि मार्कस स्पार्लिंग यांचे होय. फेंटन हा लंडनमधील नावाजलेला छायाचित्रकार. त्याने एका मद्यविक्रेत्याची जुनी गाडी विकत घेतली, तिला खिडक्या पाडल्या, आत फळ्या व पाण्याची टाकी बसविली, आणि तिची फिरती अंधारी खोली केली. १८५४ च्या शरद ऋतूत यॉर्कशायरच्या ग्रामीण भागात हिंडून त्याने ती गाडी पारखून घेतली. तेथील पडक्या मठांची व नदीकाठांची चित्रे घेत केलेली ती रपेट म्हणजे आपल्या आजच्या हौसेची पणजीच म्हणावयाची. पुढल्याच वर्षी, १८५५ मध्ये, तीच गाडी जहाजावर चढून क्रिमियाच्या रणभूमीवर गेली. बरोबर पाच कॅमेरे, सुमारे सातशे काचा आणि छत्तीस पेट्या होत्या. घोडे वाटेत जिब्राल्टरला विकत घेतले. स्पार्लिंग पूर्वी घोडदळात होता. त्यामुळे घोड्यांची जात आणि लष्कराची रीत दोन्ही त्याला ठाऊक होती. शिवाय त्याला छायाचित्रणाचेही ज्ञान होते. १८५६ मध्ये त्याने या कलेवर स्वतःचे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे हा निव्वळ गाडीवान नव्हता, या कलेचा जाणकार होता.

फेंटनने घेतलेल्या क्रिमियाच्या चित्रांत त्या गाडीचेही एक चित्र आहे. ओसाड जमिनीवर ती पेटीसारखी गाडी उभी आहे, आणि पुढच्या बैठकीवर स्पार्लिंग बसला आहे. त्या दिवशी त्यांना तोफांच्या माऱ्यात येणाऱ्या दरीत जावयाचे होते. फिकट रंगाची ती उंच गाडी शत्रूला दुरूनच दिसे. गाडी आणि गाडीवान यांचा प्रवास कदाचित आज तेथेच संपेल, तेव्हा आधी दोघांचे एक चित्र घेऊन ठेवावे, ही सूचना स्पार्लिंगनेच केली, असे फेंटनने लिहून ठेवले आहे. दोघेही जिवंत परतले. परंतु त्या चित्राकडे पाहताना आमच्या मनात एक गोष्ट येते. त्यात दिसतो तो सोबती. छायाचित्रकार दिसत नाही. आणि सोबत्याचे नाव आज आपणास ठाऊक आहे, याचे कारण एवढेच की मरणाच्या वाटेवर त्याने थट्टेने आपले चित्र मागून घेतले, आणि फेंटनने ते मोकळेपणाने सांगून टाकले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. क्रिमियात तोफा चालू होत्या त्याच सुमारास आपल्याकडेही कॅमेरा हिंडू लागला होता. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग निघाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज यांना दक्षिणेतील प्राचीन वास्तूंची चित्रे घेण्याच्या कामगिरीवर नेमले, आणि ते विजापूर, ऐहोळे, बदामी या भागांत गेले. त्यानंतर त्यांना पलटणीत परत जावे लागले व ते काम डॉ. पिगू यांच्याकडे आले. आगगाडी त्या भागात पोहोचली नव्हती. घोडा, बैलगाडी आणि हमाल यांच्याच आधाराने प्रवास करावयाचा. आज गोलघुमटाच्या पायथ्याशी मोटार उभी करून दोन मिनिटांत चित्र घेणाऱ्यास त्या काळातील एका चित्रामागची पायपीट कळणे कठीण आहे.

या चित्रांचे मोठे ग्रंथ १८६६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. त्यांतील विजापूरच्या ग्रंथाचे मुखपृष्ठ फार बोलके आहे. कर्नल बिग्ज यांचे नाव त्यावर आहे. विजापूरच्या इमारतींची रेखाचित्रे काढणारे कॅप्टन हार्ट आहेत. इतिहास लिहिणारे मेडोज टेलर आहेत, वास्तुकलेवर टिपणे देणारे फर्ग्युसन आहेत. आणि हार्ट व कमिंग यांच्या पाठोपाठ, ज्यांनी रेखाचित्रे काढली त्यांत 'एतद्देशीय नकाशे काढणारे' असा एक शब्दसमूह येतो. ते किती होते, कोणत्या गावचे होते, हे मुखपृष्ठ सांगत नाही. नुसता गट, माणसे नाहीत. त्यातल्या त्यात समाधान एवढेच की गटाचा तरी उल्लेख झाला. गाडीवानांना आणि हमालांना त्या पानावर तेवढीही जागा मिळालेली नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा साम्राज्याचा काळ होता. राज्यकर्ते स्वतःची नावे लिहिणार आणि चाकरांची गाळणार, यात नवल ते काय? हे खरे आहे. परंतु प्रश्न एवढ्याने मिटत नाही. राज्यकर्ता आणि प्रजा हा भेद नसेल, गाडीतील दोघेही एकाच देशाचे, एकाच घरातले असतील, तर दुसऱ्या माणसाचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. त्यासाठी आम्ही अमेरिकेतील एका जोडप्याचे उदाहरण घेणार आहोत. कारण सावकाश हिंडत चित्रे घेण्याच्या हौसेला त्यांनी जेवढे मोठे रूप दिले, तेवढे क्वचितच कोणी दिले असेल.

मधल्या काळात दोन बदल झाले होते. १८७१ मध्ये डॉ. मॅडॉक्स यांनी कोरड्या काचेची युक्ती सुचविली, आणि पुढील दहापंधरा वर्षांत तयार काचा बाजारात मिळू लागल्या. त्यामुळे अंधारी खोली गाडीतून उतरली. मागाहून फिल्म आली, मोटार आली. गाडीवानाची रासायनिक गरज संपली. आता एकट्यानेही रपेट करता आली असती. तरीसुद्धा दुसरी जागा रिकामी राहिली नाही, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे.

एडवर्ड वेस्टन यांचा जन्म १८८६ चा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कार्मेल या गावी ते राहत. कलावंत म्हणून त्यांची कीर्ती झाली होती, पण पोट मात्र लोकांच्या तसबिरी काढून भरावे लागे. त्यांचा कॅमेरा जुन्या धर्तीचा, आठ इंच बाय दहा इंच फिल्मचा. डोक्यावर काळे कापड घेऊन, मागल्या घुसलेल्या काचेवर उलटे दिसणारे दृश्य न्याहाळावयाचे आणि मग फिल्म घालून चित्र घ्यावयाचे. चित्र मोठे करण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. जेवढी फिल्म तेवढेच चित्र. म्हणजे यंत्रयुगातही या माणसाने स्वतःवर बैलगाडीची चाल लादून घेतली होती. १९३४ मध्ये त्यांची कॅरिस विल्सन या तरुणीशी गाठ पडली. तिचा जन्म १९१४ चा. म्हणजे दोघांच्या वयात अठ्ठावीस वर्षांचे अंतर. १९३९ मध्ये त्यांनी विवाह केला.

मंदीच्या त्या दिवसांत वेस्टन यांनी गुगेनहाइम प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. तोवर ही शिष्यवृत्ती कोणाही छायाचित्रकाराला मिळाली नव्हती. त्यांनी अर्जात आपला हेतू अगदी थोडक्या ओळींत लिहिला. डोरोथिया लँग या दुसऱ्या थोर छायाचित्रकर्तीने सांगितले, की इतक्या त्रोटक अर्जाकडे कोणी लक्ष देणार नाही. मग चार पानांचे सविस्तर पत्र व कामाचा आराखडा रवाना झाला. १९३७ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली. एका वर्षासाठी दोन हजार डॉलर. ती चार पाने कॅरिसने लिहिली होती. वेस्टन यांनी ही गोष्ट त्यात कोठे नमूद केली नाही.

पैसे हाती येताच नवी फोर्ड मोटार घेतली. गुगेनहाइम या नावाचे शेपूट धरून तिचे लाडके नाव 'हायमी' असे ठेवले. आणि गंमत अशी, की मोटार आली तरी वेस्टन ती चालवीत नसत. चाकावर कॅरिस. वाट तिने काढावयाची, मैलांचा हिशेब तिने ठेवावयाचा, आणि दिवसभरात काय पाहिले, कोठे थांबलो, कोण भेटले याची रोजनिशीही तिनेच लिहावयाची. एका नियतकालिकाच्या संपादकाने दरमहा पन्नास डॉलर देऊन आठदहा चित्रे छापण्याचे कबूल केले. त्या चित्रांखालचा मजकूर पुरविणारीही तीच. खर्च वाचावा म्हणून पुष्कळदा तंबूत मुक्काम करावयाचा. दिवसा वापरलेली फिल्म रात्री अंधारात बदलावयाची, कारण उजेडाचा एक किरण शिरला तरी सारी मेहनत वाया जाणार.

कॅरिसच्या हिशेबामुळे त्या वर्षाचे आकडे आपणास नेमके ठाऊक आहेत. बारा महिन्यांत सतरा सफरी झाल्या; मोटार १६,६९७ मैल, म्हणजे सुमारे २६,९०० किलोमीटर चालली; आणि वेस्टन यांनी १,२६० चित्रे घेतली. आम्ही भागाकार करून पाहिला. सरासरी दर एकवीस किलोमीटरला एक चित्र पडते. पुण्याहून साताऱ्याला जावे आणि एवढ्या वाटेत पाचच चित्रे घ्यावी, असा हा बेत. आज त्याच वाटेवर हातातल्या फोनने शंभर चित्रे सहज निघतात. त्यांतील किती पुन्हा पाहिली जातात, हे ज्याचे त्याने आठवावे. सावकाशपणा म्हणजे आळस, असा आपला एक समज आहे. वेस्टन यांचा सावकाशपणा निराळा होता. एकवीस किलोमीटर नुसते पाहत जावयाचे, आणि मग एका ठिकाणी उतरून तिपाई रोवावयाची. पण एवढा वेळ नुसते पाहत राहण्याची चैन त्यांना परवडली, ती चाकावर दुसऱ्या कोणाचे हात होते म्हणून. ज्याला रस्त्यावर नजर ठेवावी लागते त्याला डोंगरावर ठेवता येत नाही.

या प्रवासात सारे मौजेचेच होते असे नव्हे. १९३७ मध्येच कॅलिफोर्नियाच्या आग्नेय भागातील कॉलोराडो वाळवंटात त्यांना एका निराधार माणसाचे प्रेत आढळले. वेस्टन यांनी त्याचे छायाचित्र घेतले. चेहरा शांत आहे. झोपला आहे असेही क्षणभर वाटावे. ज्या देशात त्या वर्षी हजारो माणसे कामाच्या शोधात रस्त्यांवर होती, त्या देशाचे ते एक चित्र आहे. तथापि नुसत्या चित्रावरून आपण काय जाणले असते? तो प्रसंग कोठे, कसा घडला, हे आपणास कळते ते कॅरिसच्या लेखनावरून. चित्राने त्या माणसाचा चेहरा राखला, रोजनिशीने त्याची वाट राखली.

त्याच वर्षीचे दुसरे एक चित्र याहून प्रसिद्ध आहे. सिएरा पर्वतात एडायझा नावाचे सरोवर आहे. तेथे खडकाला पाठ टेकून, पायात उंच बूट, डोक्याभोवती वस्त्र गुंडाळून कॅरिस बसलेली आहे. टीकाकारांनी या चित्रावर पुष्कळ लिहिले. तिच्या बसण्यात आणि नजरेत त्यांना नाना अर्थ दिसले. कॅरिसने मागाहून सांगितले ते फार साधे होते. डोंगर चढून ती थकली होती, आणि डासांनी नको जीव केल्यामुळे डोके झाकून घेतले होते! ज्या बाईचे चित्र, तिलाच विचारले तर असे उत्तर येते. विचारले नाही, तर थकव्याला आपण भलतेच नाव देऊन मोकळे होतो.

शिष्यवृत्तीची मुदत आणखी एका वर्षाने वाढली आणि १९४० मध्ये 'कॅलिफोर्निया अँड द वेस्ट' हे पुस्तक निघाले. त्यात शहाण्णव चित्रे वेस्टन यांची, आणि सारा मजकूर कॅरिसचा. ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत, हे वेस्टन यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. १९४१ मध्ये व्हिट्मन या कवीच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' या संग्रहाच्या नव्या आवृत्तीसाठी चित्रे घेण्यास दोघे पुन्हा निघाले, आणि चोवीस राज्यांतून सुमारे वीस हजार मैल हिंडले. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली, आणि सफर आवरती घ्यावी लागली. त्या लांबच्या वाटेवर दोघांच्या मनांतही अंतर पडू लागले होते. १९४६ मध्ये विवाह संपुष्टात आला. वेस्टन यांना कंपवाताने गाठले. १९४८ मध्ये त्यांनी शेवटचे चित्र घेतले आणि १ जानेवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. कॅरिसने १९९८ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. तिच्या मृत्यूचे वर्ष २००९. अर्जाची ती चार पाने कोणी लिहिली, याचा हिशेब आज मांडता येतो, तो दुसऱ्या माणसाच्या हाती लेखणी होती म्हणून. स्पार्लिंगचे नाव त्याच्या थट्टेने राखले. कॅरिसचे काम तिच्या लेखणीने राखले. विजापूरच्या गाडीवानाच्या हाती यांतले काहीच नव्हते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. मोटार कोणीही हाकील. १,२६० वेळा नेमके कोठे थांबावयाचे आणि नेमके काय पाहावयाचे, हे वेस्टन यांचेच डोळे जाणोत. कॅरिसच्या जागी दुसरा चालक असता तरी चित्रे झालीच असती. वेस्टन यांच्या जागी दुसरा छायाचित्रकार असता तर ती चित्रे झाली नसती. मग सोबत्याला कलावंताच्या पंक्तीला बसविण्याचा हा अट्टहास कशासाठी?

आम्ही तसा अट्टहास करीत नाही. दृष्टी वेस्टन यांचीच, आणि चित्रही त्यांचेच. पण 'दुसरा कोणी चालला असता' हे म्हणणे आम्हाला पटत नाही. महाभारत ज्यांनी ऐकले आहे त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. कर्णाचाही रथ हाकणारा होता आणि अर्जुनाचाही होता. शल्य हा अश्वविद्येत निष्णात. तरी रथावर बसून त्याने कर्णाचा तेजोभंग केला. श्रीकृष्णाने शस्त्र हाती धरले नाही, नुसते लगाम धरले. आणि तरी आपल्या परंपरेने त्या रथाची कथा अर्जुनाच्या एकट्याच्या नावावर कधी टाकली नाही. जवळ बसलेला माणूस कोण आहे, यावर धनुष्य धरलेल्या हाताचे बळ अवलंबून असते, हे आपल्या पूर्वजांना कळले होते. मुखपृष्ठे छापणाऱ्यांना ते कळावयास वेळ लागला.

सोबती नसला म्हणजे काय होते, याचेही एक उदाहरण आहे. वर ज्यांचा उल्लेख आला त्या डोरोथिया लँग यांचे पती पॉल टेलर हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. दोघे मिळून विस्थापित शेतमजुरांच्या वस्त्यांवर जात. लँग चित्र घेत, टेलर माणसांशी बोलत आणि त्यांचे शब्द लिहून घेत. १९३९ मधील त्यांच्या पुस्तकात ही दोन्ही कामे शेजारी शेजारी उभी आहेत. पण लँग यांचे जगप्रसिद्ध चित्र 'मायग्रंट मदर' हे १९३६ च्या मार्च महिन्यातले, आणि त्या दिवशी गाडीत त्या एकट्या होत्या. महिन्याचे काम संपवून घरी परतत असता निपोमो गावाजवळ मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. त्या पुढे निघून गेल्या, आणि वीस मैल गेल्यावर मागे वळल्या. मुलांना कुशीत घेऊन बसलेल्या त्या बाईची त्यांनी मोजकीच चित्रे घेतली. नाव विचारले नाही. कुटुंबाने मोटारीचे टायर विकून अन्न घेतले होते, असे लँग यांनी पुढे सांगितले. त्या घरच्या माणसांनी मात्र असे काही घडले नसल्याचे म्हटले. बेचाळीस वर्षे सारे जग तो चेहरा ओळखत होते आणि नाव कोणाला ठाऊक नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव १९७८ मध्ये उजेडात आले, तेही त्या स्वतः बोलल्या म्हणून. टेलर त्या दिवशी वही घेऊन शेजारी असते तर बेचाळीस वर्षांचा हा अन्याय टळला असता, असे आम्हाला वाटते. डोळ्याला जे दिसले ते कॅमेऱ्याने घेतले. कानाने ऐकावयाचे ते राहून गेले. चित्र श्रेष्ठच आहे. पण त्या चित्रापायी त्या बाईला काय सोसावे लागले, हे चित्राच्या श्रेष्ठपणाने भरून निघत नाही.

म्हणून दुसऱ्या माणसाचा प्रश्न हा निव्वळ श्रेयाच्या वाटणीचा प्रश्न नाही. चित्राच्या खरेपणाचाच तो प्रश्न आहे. चित्र मुके असते. ते कोठले, कोणाचे, कशा दिवशीचे, हे सांगण्यास साक्षीदार लागतो. जेथे साक्षीदार होता आणि त्याने लिहून ठेवले, तेथे इतिहास आहे. जेथे त्याला 'एतद्देशीय' म्हणून गटात लोटले, तेथे उत्तम चित्र असूनही इतिहासाला भोक पडलेले आहे, आणि ते आता कोणालाही बुजवता येणार नाही.

हे सर्व मोठ्या माणसांविषयी झाले. पण आपणा प्रत्येकाच्या घरी एक जुना आल्बम असतो. जेजुरीची यात्रा, महाबळेश्वरची सहल, कोकणातले आजोळ. त्यात बहुधा एक माणूस कोठेच दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्या हातात होता. आणि दुसरे एक माणूस प्रत्येक चित्रात कडेला अर्धवट आलेले असते, कारण ते दशम्या सोडीत होते, किंवा रडणारे मूल सांभाळीत होते, किंवा गाडीवानाशी परतीच्या भाड्याचे बोलत होते. आपण त्या चित्रांखाली लिहितो ते गावाचे नाव आणि साल. आमची विनंती एवढीच आहे, की ज्यांना ते दिवस आठवतात अशी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर आल्बम त्यांच्यापुढे ठेवावा, चित्र हलकेच सोडवून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने चार नावे लिहावी. चित्र कोणी घेतले, चित्रात कोण आहे, तेथे कोणी नेले, आणि कोण बरोबर होते. पाच मिनिटांचे काम आहे. विजापूरच्या ग्रंथासाठी ते कोणी केले नाही. कॅलिफोर्नियाच्या वाटेवर एका बाईने ते रोज रात्री केले.